किंवा

बसा, भागीरथीअक्का. घाई नाही.
तो कंपनीचा मुलगा बाहेर गाडीत आहे, एसी लावून.
बसू दे त्याला.
अक्कलकोटच्या कचेरीसमोर या पत्र्याच्या टपरीत
तीस वर्षं मी लोकांची जमीन कागदावर उतरवतोय.
पानामागे पैसे घेतो, तुमचेही घेईन,
आधी चष्मा पुसतो.

गट नंबर दोनशे चौदा. एक हेक्टर साठ आर.
पूर्वेला बोरीकडे उतरणारी पाणंद,
पश्चिमेला निंबण्णाचा बांध,
विहिरीत तुमचा तिसरा हिस्सा.
सगळ्याला हद्द आहे, बघा.
आता मुदत वाचतो, नीट ऐका:
‘पाच वर्षे किंवा वायू निघत राहील तोवर.’

या किंवाला बांध नाही, अक्का.
हा शब्द नांगरून पुढेच जात राहतो,
तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत.

तो म्हणतो, भोक फक्त एवढंसं, वीतभर.
खरं असेल.
पण वीतभर भोकाला अडीच एकर मुरूम लागतो
गाड्या उभ्या करायला.
काळ्या रानावर एकदा मुरूम दाबला
की ते रान उन्हाळ्यात भेगाळतसुद्धा नाही.
तो मुरूम उचलणार कोण?
शोधलं मी. चोवीस पानांत ‘उचलणे’ नाही.
‘आवश्यक वाटल्यास’ मात्र अकरा वेळा आहे.
कुणाला वाटल्यास, ते नाही.

आणि गॅस तुमचा नाही, हे ठाऊक आहे ना?
खोलवरचं सरकारचं, वरचं तुमचं.
मधे पाणी आहे.
त्याच्याविषयी कागद गप्प आहे.

मी काय शहाणा? जेऊरच्या मास्तरांचा
मोबाइल टॉवरचा करार माझ्याच हातचा.
कंपनी विकली, विकत घेणारीही विकली.
टॉवर उभा आहे, रात्री लाल दिवा लुकलुकतो,
मास्तर गेले,
त्यांची मुलगी मला विचारते, काका, भाडं कुणाला मागू?
अक्षर मात्र सुंदर आहे त्या कागदावर.
सगळे म्हणायचे तेव्हा.

तुमच्या दोघी बहिणी हुबळीला ना?
त्यांची नावं उताऱ्यावर आहेत, सही फक्त तुमची मागतात.
म्हणे, त्यांचं नंतर बघू.
नंतर कोण बघतं, ते मी बघितलंय.

एवढं बोललो, तरी अक्का गप्पच.
पदराखालून हिशेबाची वही काढली,
मागच्या पानावर बारीक कानडीत काही लिहिलं.
मग विचारलं,
‘इरण्णा, आज माझ्या विहिरीचं पाणी गोड आहे
हे उद्या मी कशानं सांगू?’

मला सुचलं नव्हतं. खरंच सांगतो,
तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

टपरीतली रिकामी बाटली मी विसळून दिली.
म्हटलं, भरून आणा, निंबण्णाला साक्षीला घ्या,
सोलापुरात प्रयोगशाळा आहे, पावती जपून ठेवा.
आणि माझा तारखेचा शिक्का एका चिठ्ठीवर मारून
डिंकानं बाटलीला चिकटवला.
कायद्यात त्याला काही किंमत नाही.
तेही सांगितलं.

गाडीची काच खाली झाली.
‘झालं का?’
अक्का उठल्या, बाटली काखेत धरून.
‘ज्वारी हुरड्यात आहे,’ त्या म्हणाल्या,
‘पाखरं राखायची आहेत.
तेवढा किंवा खोडून आणा,
मग बहिणींना बोलावते. मग बसू.’

मुलगा हसला. म्हणाला, फॉरमॅट वरून येतो, आजी,
त्यात बदल होत नाही.
‘मग वरच्याला बोलवा,’ असं म्हणून त्या
नागणसूरच्या जीपकडे चालू लागल्या.

संध्याकाळपर्यंत दुसरं गिऱ्हाईक आलं नाही.
शाई वाळू नये म्हणून शिक्क्याचं पॅड झाकलं.
तो कच्चा कागद अजून टेबलावर होता,
पेन घेतलं, आणि उगीचच
त्या शब्दाभोवती चारी बाजूंनी
एक चौकोन काढून बघितला.

बांध बसत नव्हता.